प्रिन्सच्या अंगठ्याखालची तार: हायडनचे बॅरिटन ट्रायो कसे शोधावेत, ऐकावेत आणि वाजवावेत

ज्यांच्या घरात सतार किंवा सारंगी आहे त्यांना हा अनुभव नवा नाही. वाद्य कोपऱ्यात ठेवलेलं असतं, जवळ बसून कुणीतरी नेमक्या सुरात गुणगुणतं आणि तरफेच्या तारा आपसूक बोलायला लागतात. अठराव्या शतकात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सीमेवरच्या एका प्रिन्सला याच गोष्टीचं वेड होतं, आणि त्याच्या पदरी नोकरीला होता संगीतकार योझेफ हायडन. मालकाच्या हौसेपायी हायडनने दहा-बारा वर्षांत 126 ट्रायो, म्हणजे तीन वाद्यांच्या रचना, लिहिल्या. वाद्य होतं बॅरिटन. प्रिन्सबरोबर त्या वाद्याचेही दिवस सरले, आणि आज हायडनच्या सिंफनी तोंडपाठ असलेल्या रसिकांनीही यातला एखादा ट्रायो ऐकलेला असेलच असं नाही.

या संगीताकडे जाताना एक गोष्ट आधीच मनात धरून ठेवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. हे ट्रायो सभागृहातल्या श्रोत्यांसाठी लिहिलेले नाहीत. मधोमध बसून वाजवणाऱ्या एका माणसाच्या आनंदासाठी लिहिलेले आहेत. मैफिलीची अपेक्षा ठेवून ऐकलेत तर दुसऱ्या ट्रायोलाच जांभई येईल. मलाही आली होती.

आधी वाद्य समजून घ्या

बॅरिटन हे व्हिओल, म्हणजे गजाने वाजवायच्या जुन्या युरोपीय वाद्यांच्या घराण्यातलं वाद्य. आकाराने चेलोच्या आसपास, दोन गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं. वरच्या सहा किंवा सात तारा तातीच्या. आपल्याकडे सारंगीला असते तीच तात, म्हणजे आतड्याची तार. त्यांच्या खाली धातूच्या तारांचा दुसरा संच, आपल्या भाषेत तरफ. हायडनच्या काळच्या वाद्यांत या साधारण नऊ-दहा असत, इतर काही वाद्यांत जास्तही.

खरी गंमत पुढे आहे. बॅरिटनची मान मागून पोकळ आणि उघडी असते. तरफेच्या तारा त्या पोकळीतून जातात आणि मान धरलेल्या डाव्या हाताचा अंगठा मागून त्या छेडू शकतो. सतारिये तरफेवरून करंगळी फिरवतात ती वातावरण भरण्यासाठी. इथे मात्र अंगठ्यासाठी वेगळे स्वर लिहिलेले असतात. उजव्या हाताने गज चालू, डाव्या बोटांनी सूर दाबलेले, आणि त्याच डाव्या हाताचा अंगठा मागच्या बाजूला खर्ज छेडतोय. एकाच माणसाने गायचं आणि तंबोराही धरायचा, तसला प्रकार.

चार्ल्स बर्नी या इंग्रज संगीत-इतिहासकाराने यावर तिरकस शेरा मारला होता. वाळवंटात किंवा एकच वादक असलेल्या घरात ही युक्ती ठीक आहे, पण दिवाणखाना रिकाम्या बसलेल्या वादकांनी भरलेला असताना स्वतःची साथ स्वतःच करण्याचा उपद्व्याप कशाला, असा त्याचा सूर. प्रसिद्ध मोझार्टचे वडील लेओपोल्ड यांनी मात्र 1756 च्या आपल्या व्हायोलिन-शिक्षणाच्या ग्रंथात याची गणना अतिशय मोहक वाद्यांत केली आहे. माझं मत लेओपोल्डच्या बाजूला झुकतं, पण बर्नी चूक होता असंही म्हणवत नाही.

आपल्या तरफेत आणि या तरफेत एक फरक कानाने पकडायचा आहे. सतारीची तरफ छोट्या सपाट घोडीवरून जाते, म्हणून तिला जवारी येते आणि सूर झिणझिणतो. बॅरिटनला अशी सपाट जवारी नाही. त्यामुळे तिथला अनुनाद जास्त स्वच्छ, थोडा थंड, लांबून आल्यासारखा.

प्रिन्स आणि नोकर यांचं नातं

हा भाग गाळू नका, ऐकताना उपयोगी पडतो. हायडन 1761 मध्ये एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत आला. पुढच्याच वर्षी गादीवर बसला निकोलाउस (1714–1790), बॅरिटनचा वेडा. 1765 च्या अखेरीस हायडनला लेखी तंबी मिळाली: रचना जास्त मन लावून करा, विशेषतः आम्हाला आमच्या वाद्यावर वाजवता येतील अशा. हायडन कामाला लागला. 4 जानेवारी 1766 ला प्रिन्सने आपल्या कारभाऱ्याला लिहिलं की हायडनच्या तीन रचना मिळाल्या, मी खूश आहे, त्याला 12 डुकाट द्या, आणि अशाच आणखी सहा नि शिवाय दोन सोलो लगेच पाठवायला सांगा. डिंकाचे लाडू आवडले, अजून एक डबा पाठवा, असा सगळा मामला.

हायडनने म्हातारपणी सांगितलेली एक हकीकतही आहे. मालकाला चकित करावं म्हणून त्याने सहा महिने रात्री जागून गुपचूप बॅरिटनचा रियाज केला. प्रिन्सला वाजवून दाखवलं, तर प्रिन्सला त्याचं काही विशेष वाटलं नाही, उलट ते रुचलंच नाही. हायडनने वाद्य सोडलं. पण ते सहा महिने वाया गेले नसावेत. कोणता सूर त्या वाद्याच्या हाताला सहज येतो हे त्याला ठाऊक होतं, आणि ते या ट्रायोंमध्ये ऐकू येतं.

या नात्यामुळेच संगीताला ठरावीक आकार आला आहे. बहुतेक ट्रायो तीन भागांचे, त्यांत एक मिन्युएट, म्हणजे तीनच्या ठेक्यातला दरबारी नाच, जवळजवळ ठरलेला. स्वर मुख्यतः डी मेजर, ए मेजर किंवा जी मेजर, कारण प्रिन्सची तरफ तिथेच लागलेली. जोडीला व्हायोला (व्हायोलिनची थोडी मोठी, खालच्या सुराची बहीण) आणि चेलो. अवघड कसरत शक्यतो या दोघांकडे, मधली सुखाची जागा मालकाकडे.

शोधताना नावाचा घोळ टाळा

इंटरनेटवर बॅरिटन शोधायला गेलात तर पडद्यावर जाड आवाजाचे ऑपेरा गायक येतील. रोमन लिपीत या वाद्याच्या नावात ‘आर’नंतर ‘आय’ नसून ‘वाय’ आहे आणि शेवटी ‘ई’ नाही. तरीही फ्रेंचमध्ये गायकालाही हेच लिहितात, म्हणून सोबत हायडनचं नाव टाकाच.

दुसरी खूण म्हणजे क्रमांक. अँथनी व्हान होबोकेनने हायडनच्या रचनांची सूची केली. वाद्यसंगीताचा खंड 1957 मध्ये आला. त्यात बॅरिटन ट्रायोंचा गट रोमन आकड्यात अकरावा, आणि गटात 1 ते 126. प्रिन्ससाठी हे ट्रायो चोवीस-चोवीसच्या बाडांत बांधले जात, आणि क्रमांक ढोबळमानाने त्याच क्रमाने जातात. म्हणजे लहान आकडा आधीचा आणि सहसा सोपा, मोठा आकडा नंतरचा आणि जरा गुंतागुंतीचा.

जुन्या हस्तलिखितांत मात्र ‘ट्रायो’ हा शब्द क्वचितच मिळेल. तिथे मथळा असतो ‘दिव्हर्तिमेंतो’, म्हणजे करमणुकीची रचना. ग्रंथालयांच्या सूचीत शोधताना तोच शब्द वापरा.

ध्वनिमुद्रणांची टंचाई नाही. एस्टरहाझी एन्साम्बलने मिखाएल ब्रुसिंगच्या बॅरिटनसह सगळे ट्रायो मुद्रित केले. 2009 मध्ये, म्हणजे हायडनच्या मृत्यूला 200 वर्षं झाली त्या साली, त्यांचा 21 सीडींचा संच निघाला. जॉन शू यांच्या त्रिकुटाची जुनी मुद्रणं जास्त नाजूक आहेत. मला स्वतःला तीच आवडतात. संपूर्ण संचाचा मोह सुरुवातीला टाळा. 126 मध्ये रोजचा वरण-भात बराच आहे.

पहिले तीन ट्रायो

क्रमांक 5, ए मेजर. याचा आरंभ ग्लुकच्या 1762 च्या ‘ऑर्फेओ’ या ऑपेरातल्या प्रसिद्ध विलापावरून घेतला आहे, ऑर्फेओ युरिडीचेला गमावल्यावर गातो तो. आधी मूळ गाणं ऐका, मग ट्रायो. नाट्यगीताची चाल कुणी घरी पेटीवर काढावी तसा हा प्रकार आहे. दुःख मागे पडतं, चाल तेवढी उरते.

क्रमांक 97, डी मेजर. प्रिन्सच्या वाढदिवसासाठी केलेला, म्हणून तीनऐवजी सात भागांचा. एक पोलोनेज (पोलिश नाच) आहे, दोन मिन्युएट आहेत आणि शेवट फ्यूगने होतो. फ्यूग म्हणजे एकच मुखडा तिन्ही वाद्यांनी एकामागोमाग उचलायचा आणि एकमेकांत गुंफायचा. हायडनने 1772 च्या ओपस 20 मधल्या तीन स्ट्रिंग क्वार्टेटांचा शेवट फ्यूगने केला, त्याबद्दल संगीताची पुस्तकं भरभरून लिहितात. तसलीच गुंफण इथे एका हौशी वादकाच्या दिवाणखान्यात चाललेली सापडते.

क्रमांक 96, बी मायनर. हा शेवटी ठेवा आणि रात्री ऐका. मेजरच्या गर्दीत असे मायनर ट्रायो हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सुरुवातच लार्गोने होते, अगदी संथ. इथे प्रिन्सची करमणूक बाजूला पडते.

प्रत्येक ट्रायो तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसता. दुसऱ्यांदा लक्ष फक्त व्हायोलावर ठेवा, कारण बरेचदा वरची चाल तिच्याकडे असते आणि बॅरिटन तिच्या खाली असतो. व्हायोलिन कुटुंबाच्या संगीताला सरावलेला कान इथे फसतो, सर्वांत वरचा आवाज म्हणजेच मुख्य वाद्य असं तो गृहीत धरतो. तिसऱ्यांदा गजाच्या सुरामागे कुठे टणत्कार येतो का ते शोधा. तो अंगठा. सगळ्या ट्रायोंमध्ये तो नाही, म्हणून सापडला की आनंद होतो. हेडफोन लावलेत तर लवकर सापडेल.

सतारीचा प्रयोग

हा प्रयोग आपल्याकडच्या घरांतच सहज जमतो. पाश्चात्त्य वाद्यं आज ‘ए’ स्वर 440 कंपनांवर लावतात. जुन्या वाद्यांवर वाजवणारे बरेच कलाकार तो 415 वर लावतात, म्हणजे अर्धा स्वर खाली. पेटीच्या भाषेत सांगायचं तर लिहिलेलं असतं पांढरी सहा, ऐकू येतं काळी चार. याच हिशेबाने डी मेजरचा षड्ज, जो कागदावर पांढरी दोन, तो कानाला काळी एक येतो. काळी एक! आपल्या कितीतरी गायकांची पट्टी, आणि सतारीलाही सोयीची.

तर असं करा. डी मेजरमधला एखादा ट्रायो निवडा. मोबाइलवरच्या ट्यूनरने शेवटचा लांबवलेला सूर तपासा. काळी एक दाखवली तर मुद्रण 415 चं, पांढरी दोन दाखवली तर 440 चं. मधलंच काही दिसलं तर तेही शक्य आहे, काही गट 430 च्या आसपास लावतात. त्या सुराला सतारीचा षड्ज मिळवा आणि तरफ बिलावलच्या शुद्ध स्वरांत लावा. डी मेजर म्हणजे स्वरांच्या दृष्टीने बिलावलच. प्रिन्सची तरफही मुख्यतः याच स्वरांत लागत असे.

आता स्पीकर सतारीच्या तबलीसमोर हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा, कान भोपळ्याजवळ न्या. संथ भाग लावा. एखाद्या लांब सुरानंतर मुद्रण थांबवलंत तर तरफ क्षणभर बोलत राहिलेली ऐकू येईल. तरफेवर हात ठेवून पुन्हा तेच करा म्हणजे फरक कळेल. स्पीकरऐवजी घरात व्हायोलिन वाजवणारं कुणी असेल तर परिणाम कितीतरी स्पष्ट.

प्रिन्स मधोमध बसून जे ऐकत होता त्याची चव अशी थोडीफार मिळते. मुद्रणात मायक्रोफोन समोर असतो. वाजवणाऱ्याच्या छातीला टेकलेला अनुनाद त्यात फारसा येत नाही.

नोटेशन मिळवणं आणि वाचणं

हायडन 1809 मध्ये वारला, त्यामुळे रचनांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण विसाव्या शतकात संपादकांनी तपासून छापलेल्या आवृत्तीवर हक्क असू शकतो, तेवढं पाहून घ्या. इंटरनॅशनल म्युझिक स्कोअर लायब्ररी प्रोजेक्ट या मोफत संकेतस्थळावर बरंच साहित्य मिळतं. मूळ हस्तलिखितं कोणत्या ग्रंथालयात आहेत ते ‘रिझम’ या आंतरराष्ट्रीय सूचीत दिसतं. तिथे रचनेचे पहिले काही सूरही दिलेले असतात, त्यामुळे नुसत्या चालीवरूनही शोधता येतं.

कागद हातात आल्यावर दोन गोष्टी सांभाळा. बॅरिटनचे सूर ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे व्हायोलिनसारख्या वरच्या सुरांच्या खुणेत, लिहिलेले असतात, पण वाजतात एक सप्तक खाली. हे विसरून व्हायोलिनवर वाजवायला बसलात तर सगळा डोलारा उलटा होतो, खालचा वर आणि वरचा खाली. दुसरं, काही सुरांखाली आकडे दिसतील. ते बोटांचे क्रमांक नव्हेत. तरफेची कितवी तार अंगठ्याने छेडायची ते आकडे सांगतात.

बॅरिटन नाही, मग काय?

जवळपास कुणाकडेच नसतो. त्याचा संकोच नको. खुद्द हायडनने नेपल्सच्या राजासाठी लिरा ऑर्गनिझाता नावाच्या आणखी एका विचित्र वाद्याकरता संगीत लिहिलं होतं, आणि पुढे लंडनमध्ये तेच सादर करताना लिराच्या जागी सरळ बासरी आणि ओबो घातले. बॅरिटन ट्रायोंचीही त्या काळातच व्हायोलिन आणि फ्लूटसाठी रूपांतरं झाली.

सर्वांत जवळचा पर्याय त्याच व्हिओल घराण्यातली व्हिओला द गांबा. ती नसेल तर चेलो. सूर योग्य सप्तकात पडतात, पण मग दोन चेलो एकमेकांत मिसळून चिखल होतो. उपाय असा: खर्ज सांभाळणाऱ्या चेलोने सूर आखूड ठेवायचे, गज पट्टीच्या बाजूला सरकवून हलका चालवायचा. बॅरिटनची जागा घेणाऱ्याने घोडीच्या जरा जवळ, कमी कंपनाने वाजवायचं.

अंगठ्याच्या सुरांसाठी माझी शिफारस गिटार. नायलॉनच्या तारांची. गिटारचं नोटेशनही ट्रेबल क्लेफमध्ये लिहून एक सप्तक खाली वाजतं, त्यामुळे गिटारवाला तो कागद जसाच्या तसा वाचतो. 415 वर वाजवणार असाल तर सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा. आकडे असलेले तेवढेच सूर त्याने छेडायचे, बाकी वेळ हात बांधून बसायचं. गिटारवाल्यांना हे जड जातं, आधीच सांगून ठेवा.

व्हायोला-चेलो वाजवणारे शोधणं मुंबई, पुणे आणि गोव्यात तुलनेने सोपं आहे. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचा विभाग आहे, मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा सिंफनी ऑर्केस्ट्रा 2006 पासून आहे, आणि चर्चमध्ये किंवा सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत वाजवून तयार झालेले गोव्याचे वादक दोन्हीकडे भेटतात.

तीन बैठका

पहिल्या बैठकीला फक्त मिन्युएट घ्या. तीनच्या ठेक्यात, पण दादऱ्यासारखा झुलवू नका. पहिल्या मात्रेवर पाय ठेवून बाकीच्या दोन हलक्या. खुर्च्या प्रेक्षकांकडे तोंड करून नव्हे, त्रिकोणात एकमेकांकडे तोंड करून मांडा.

दुसऱ्या बैठकीला संथ भाग. इथे घाई होते ती सुरांमुळे नव्हे, थांब्यांमुळे. विराम पूर्ण मोजा, अनुनादाला जागा तिथेच मिळते. पुनरावृत्तीची खूण असेल तिथे भाग पुन्हा वाजवायचाच. पहिल्यांदा साधा, दुसऱ्यांदा एखादी मुरकी, एखादा लगाव. प्रत्येक ओळीत हरकत घेणारा सहकारी असेल तर त्याला व्हायोलाऐवजी चहाची जबाबदारी द्या.

तिसऱ्या बैठकीला सलग. साधारण दहा ते पंधरा मिनिटांत एक ट्रायो होतो, म्हणजे संध्याकाळी तीन सहज बसतात.

तातीच्या तारा लावल्या असतील तर जून ते सप्टेंबर सोसायची तयारी ठेवा. दमट हवेत तात फुगते, सूर दर दहा मिनिटांनी हलतो. सारंगियांना विचारा. बैठक ज्या खोलीत आहे तिथे वाद्यं अर्धा तास आधी आणून ठेवायची आणि मग सूर जुळवायचे.

इथून पुढे

हायडननंतर लुइजी तोमासिनी घ्या, एस्टरहाझींच्या वाद्यवृंदाचा प्रमुख व्हायोलिनवादक. त्याच्या बॅरिटन ट्रायोंत व्हायोलाऐवजी व्हायोलिन आहे, त्यामुळे पोत जास्त उजळ. तरफेचीच ओढ लागली असेल तर व्हिओला दामोरे, हनुवटीखाली धरायचं तरफेचं वाद्य, आणि त्यासाठी कार्ल श्टामित्सचं संगीत. काचेचा सूर हवा असेल तर मोझार्टची केशेल 617 (केशेल म्हणजे मोझार्टच्या रचनांची सूची) ही रचना: ग्लास आर्मोनिका, फ्लूट, ओबो, व्हायोला आणि चेलो. मे 1791 मध्ये त्याने ती मारिआन किर्शगेसनर या अंध वादिकेसाठी केली. जलतरंगासारखं ते काठीने वाजवत नाहीत, फिरत्या काचेच्या वाट्यांवर ओली बोटं टेकवतात.

बॅरिटनसाठी म्हणाल तर हायडनने 1775 मध्ये काही आठ वाद्यांच्या रचनाही केल्या, दोन हॉर्नांसह. त्यानंतर प्रिन्सचं मन ऑपेरात रमलं आणि बॅरिटनची मागणी आटली.

निकोलाउसने स्वतः वाजवलेला बॅरिटन व्हिएन्नाच्या योहान योझेफ श्टाडलमानने 1750 मध्ये बनवला. तो बुडापेस्टच्या हंगेरियन राष्ट्रीय संग्रहालयाच्या संग्रहात आहे. तिकडे गेलात आणि तो मांडलेला असला, तर लोक पुढून फोटो काढत असतील तेव्हा तुम्ही कपाटाला वळसा घालून मागे जा. मानेतली ती उभी खाच, तिच्यातून गेलेल्या तारा आणि अंगठ्याची जागा तिथून दिसते.